मोकळं कपाळ

सौंसरच्या बाजारात भगवंतरावांचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान जुनं. भगवंतराव वारले, गल्ल्यावर त्यांचा मुलगा कुलदीप बसू लागला. पण गिऱ्हाईक ओढलं ते कुलदीपच्या बायकोनं, दामिनीनं. तिच्याकडे विकायची काही वेगळी विद्या नव्हती. ती स्वतः नटून बसायची, एवढंच. नागपूरहून नवा माल आला की पहिला डबा ती फोडायची, त्यातली पहिली टिकली तिच्या कपाळावर चढायची, आणि संध्याकाळपर्यंत दहा बाया म्हणून जायच्या, "भाभी, तुमी लावली तशीच द्या."

टिकली तर साधी गोष्ट. दामिनीचा खरा जीव महागाच्या वस्तूंवर. दिवसभर न पुसली जाणारी ओठांची लाली, घामात न वाहणारं फाउंडेशन, डोळ्यांच्या कडांना लावायची पेन्सिल. दुकानात विकायची ती जात वेगळी आणि स्वतःसाठी मागवायची ती वेगळी. तिच्या आरशाखालचा खण या डब्या-बाटल्यांनी इतका गच्च भरलेला असायचा की ओढताना अडकायचा. बोरगावच्या पलीकडच्या खेड्यातली ती पोरगी. बाप गुणवंता, थोडी संत्र्याची बाग, थोडी कपाशी. उन्हात राबून काळवंडलेल्या बायांमध्ये ती वाढली होती, आणि आपला चेहरा तसा होऊ द्यायचा नाही हे तिनं फार लहानपणी मनाशी धरलं होतं.

दोन वर्षांमागच्या दसऱ्याला ती न्हाऊन आरशासमोर आली. कालची टिकली सोलून काढली, तर खालची कातडी फिकट दिसली. डिंक राहिला असेल म्हणून तिनं खोबरेल तेलानं चोळलं. मग ओल्या टॉवेलनं. मग नखानं. डाग हलला नाही. मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, टिकलीएवढाच, कोणी आखून घ्यावा तसा गोल.

तिनं त्यावर जरा मोठी टिकली लावली आणि दुकानात गेली.

महिन्याभरात ती टिकलीही पुरेना. कडेनं पांढरी रेघ डोकावू लागली, तशी तिनं त्याहून मोठी घेतली. टिकली वाढायची, तिच्यामागे डाग वाढायचा. कपाळ खाजायचं, पण खाजवायची सोय नव्हती. टिकली निघाली तर? उन्हाळ्यापर्यंत डाग रुपयाएवढा झाला. मग एक दिवस खालच्या ओठाच्या कडेला, जिथं ती लालीची रेघ ओढायची तिथं, तांदळाच्या कणीसारखा एक पांढरा ठिपका आला. त्या दिवशी मात्र दामिनीच्या मनात कोड हा शब्द आला.

तिच्या माहेरच्या खेड्यात एक म्हातारी होती, अंगभर कोड असलेली. तिच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. लग्नाच्या पंगतीत ती स्वतःच शेवटी, एका कोपऱ्यात बसायची. लहानपणी दामिनी आणि तिच्या मैत्रिणी त्या म्हातारीची सावली अंगावर पडू नये म्हणून पळायच्या. आता आरशासमोर उभं राहिलं की दामिनीला ते पळणं आठवायचं.

तिनं नागपूरहून डाग झाकायची कांडी मागवली, सगळ्यात महागाची. घरातली माणसं उठायच्या आधी ती उठायची, दार लावून घ्यायची आणि कातडीचा रंग कातडीवर फासायची. ओठावर दोन थर, त्यावर लाली. बायकांना वाटे भाभी आजकाल जास्तच नटते.

कुलदीपला कळलं ते मंगळवारी, दुकान बंद असायचं त्या दुपारी. कूलर बिघडला होता, दामिनी घामानं चिंब होऊन झोपली होती आणि टिकली उशीवर पडली होती. ती जागी झाली तेव्हा नवरा तिच्यावर वाकून बघत होता.

"हे काय झालं तुले?"

तिनं हातानं कपाळ झाकलं. त्यानं हात बाजूला केला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या चेहऱ्यावर दया येण्याआधी भीती आली, आणि ती दामिनीनं पाहिली.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "तृप्तीचं जमून राहिलं. एवढं होऊन जाऊ दे."

तृप्ती म्हणजे कुलदीपची धाकटी बहीण. तिगावच्या एका घरात तिची बोलणी चालली होती. मुलगा वीरेंद्र बोरगावच्या एका कारखान्यात कामाला, माणसं चांगली, घर पाहिलेलं. घरात कोड आहे असं कळलं तर तिगावचेच काय, आसपासचं कोणीच पुन्हा फिरकणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दामिनीनं मग चोरून उपाय सुरू केले. पांढुर्ण्याकडच्या एका जडीबुटीवाल्याचं नाव तिला कोणीतरी सांगितलं. त्यानं बावचीचं तेल दिलं, म्हणाला, "जंगलातली वस्तू आहे, काही होत नाही. लावा आणि उन्हात बसा." ती गच्चीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी कपाळावर द्राक्षाएवढा फोड आला, फुटला, आणि खालून मांस दिसू लागलं. टिकली लावायची सोय राहिली नाही. पदर कपाळावर ओढून ती स्वयंपाकघरात वावरत होती तेव्हा सासूनं, पंचफुलाबाईंनी, तो पदर मागे सारला.

फोड आणि त्याभोवतीचं पांढरं, दोन्ही त्यांनी नीट पाहिलं.

"किती दिवसाचं हाये हे?"

"दसऱ्यापासून."

"अन् याच हातानं आमाले जेवू घालून राहिली?"

त्या दिवसापासून दामिनीचा कप वेगळा झाला. कोणी तसं सांगितलं नाही. फक्त एक दांडी तुटलेला कप कपाटाच्या खालच्या फळीवर एकटा ठेवलेला दिसला, आणि तो कोणाचा हे ती समजली.

अशा दिवसांत दीपाली भेटली. दोघी बोरगावच्या शाळेत एका बाकावर बसायच्या. दीपाली आता पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर कामाला होती. बौद्ध घरातली, बोलायला सडेतोड. राखीला माहेरी जाताना ती बांगड्या घ्यायला दुकानात आली आणि दामिनीकडे बघतच राहिली.

"काऊन वं, एवढी मोठी टिकली काऊन लावून राहिली? अन् डोये कायले सुजले?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. दामिनी पडद्यामागे गेली आणि दीपालीला आत ओढून तिनं टिकली काढली. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं कोणाला स्वतःहून कपाळ दाखवलं. दीपालीनं हात मागे घेतला नाही. बोटानं तो गोल चाचपला.

"हे जिथं टिकली तिथंच हाये ना? बाकी अंगावर?"

"ओठावर. बाकी कुठंच नाही."

"चल नागपूरले. परवा माही सुट्टी हाये."

घरी दामिनीनं माल बघायचं निमित्त सांगितलं. सावनेर मार्गे बसनं दोघी गेल्या. कातडीची डॉक्टर एक मध्यम वयाची बाई होती. तिनं भिंग लावून कपाळ पाहिलं, ओठ पाहिला, मग दामिनीनं पिशवीतून नेलेल्या टिकल्यांचं पाकीट आणि लालीची कांडी हातात घेऊन उलटसुलट केली.

"हे तुमच्या आईवडिलांकडून आलेलं नाही," ती म्हणाली. "टिकलीच्या मागे जो डिंक असतो ना, त्यातल्या काही रसायनांनी कातडीचा रंग मरतो. सगळ्यांचा नाही, काहींचा. तुम्ही डाग झाकायला मोठी टिकली लावली, म्हणजे आणखी डिंक. ओठांचंही तसंच असावं."

दामिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला. इतके महिने ती जे लपवायला म्हणून लावत होती, तेच तिला खात होतं.

"कोणाले लागते का हे? माह्यापासून?"

"नाही. कप वेगळा ठेवू नका, अंथरूण वेगळं करू नका. कोणालाही लागत नाही." डॉक्टरीण बाई थांबली. तिनं असे कप पाहिले असावेत. "सगळं बंद करा. टिकली, लाली, क्रीम, ही झाकायची कांडीसुद्धा. सहा महिने कपाळावर काही नको. मी मलम देते ते रात्री, आणि सकाळचं कोवळं ऊन, थोडाच वेळ. काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. जितकं लवकर बंद कराल तितकी आशा."

बसमध्ये दामिनी खिडकीशी बसली होती. दीपालीचं कपाळ मोकळं होतं, नेहमीसारखंच. लग्नाला दहा वर्षं झाली तिच्या, नवरा संदीप शाळेत शिक्षक. दामिनी म्हणाली, "तुले बरं. तुह्या घरी कोणी विचारत नाही."

"माह्या घरी नाही विचारत. बाहेर विचारतात वं," दीपाली म्हणाली. "मी ऐकत नाही."

घरी गेल्यावर दामिनीनं आरशाखालचा खण उपसून जमिनीवर ओतला. एवढ्या हौसेनं जमवलेल्या वस्तू. काही अजून उघडल्याही नव्हत्या. तिनं त्या एका पोत्यात भरल्या आणि पोतं मागच्या उकिरड्यावर टाकून आली. मग चेहरा बेसन आणि ताकानं धुतला, पुसला, आणि कोरं कपाळ घेऊन सासूसमोर उभी राहिली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं.

पंचफुलाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचं स्वतःचं कपाळ सहा वर्षांपासून कोरं होतं, भगवंतराव गेल्यापासून.

"नवरा जित्ता हाये तुहा," त्या म्हणाल्या, "अन् पांढरं कपाय घेऊन दुकानात बसशील? माह्या कपायाचं देवानं नेलं. तू आपल्या हातानं पुसून राहिली?"

त्यांचा आवाज शेवटी फाटला.

कुलदीप सगळं ऐकून म्हणाला, "खरं असंन डॉक्टरचं. पण साक्षगंध होऊ दे. महिन्याचाच तर प्रश्न हाये."

महिनाभर ती काय काय करून बघत राहिली ते तिलाच माहीत. डिंकाची टिकली लावायची म्हणजे माहीत असून विष लावायचं. नाही लावायची तर घर अंगावर येणार. शेवटी ती माहेरी जाऊन आली. तिची माय अजून घरी कुंकू करायची: हळकुंडं लिंबाच्या रसात, तुरटी आणि टाकणखार घालून मुरवायची, सावलीत वाळवायची, कुटायची. पिवळ्याचं लाल व्हायचं. डबीभर ते कुंकू आणि मेणाचा एक खडा घेऊन दामिनी परत आली. आधी मेणाचा पातळ गोल, त्यावर चिमटीनं कुंकू. डॉक्टरांनी काहीच लावू नको म्हटलं होतं, हे तिला आठवत होतं. पण डिंक तरी नव्हता त्यात.

भाद्रपदाच्या उकाड्यात दुपारी दोनला मेण वितळलं आणि लाल ओघळ नाकावरून ओठापर्यंत आला. समोर बांगड्या भरायला बसलेली बाई किंचाळली, तिला रक्त वाटलं. दामिनीनं पदरानं पुसलं, तर पुसण्याबरोबर खालचा पांढरा गोल उघडा पडला. ती बाई अर्ध्या भरलेल्या हातानं उठून गेली. बाजारात कुजबूज सुरू झाली, पण तिगावपर्यंत ती अजून पोचली नव्हती. दामिनी तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जाऊन बसली. मेण कमी केलं, गोल मोठा केला. पोरी हसायच्या.

पण त्याच दिवसांत तिला दुकानात वेगळंच दिसायला लागलं. काही बाया पाकीट हातात घ्यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच विचारायच्या, "याच्यातली थोडी मोठी हाये का?" आधी तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता ती त्यांच्या कपाळाकडे बघायची. लोधीखेड्याची एक बाई दर दोन महिन्यांनी येऊन आकार वाढवून नेत होती. दामिनी तिला पडद्यामागे घेऊन गेली. टिकलीखाली तोच गोल. ती बाई रडू लागली, "मले वाटलं मले एकटीलेच झालं." दामिनीनं तिला डॉक्टरचं नाव लिहून दिलं आणि पाकीट परत घेतलं.

कुलदीपनं ते ऐकलं होतं. "दुकान बंद पाडशील काय?" तो म्हणाला.

साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस उजाडला. तिगावची माणसं अकरापर्यंत येणार होती. पाहुण्यांसमोर दामिनीनं यायचं नाही, आतच राहायचं, असं ठरलं होतं. पण तृप्तीला तयार करायला दुसरं कोण होतं? दामिनीनं नणंदेला खुर्चीवर बसवलं, केस विंचरले. तोंडाला फक्त खोबरेल आणि ओल्या कापडानं पुसणं, दुसरं काही नाही. डोळ्यांत मायनं धरलेलं एरंडेलाच्या दिव्याचं काजळ. शेवटी कालची टिकली बदलायला दामिनीनं नख लावलं, तसा तृप्तीनं तिचा हात घट्ट धरला.

"राहू द्या ना वहिनी. तीच बरी हाये."

दामिनीला तिथंच कळलं. तिनं हळूच हात सोडवला आणि टिकली सोलली. मसुरीच्या दाण्याएवढा फिकट गोल.

"केव्हापासून?"

"दीड महिना." तृप्तीच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "आईले सांगू नका. तुमच्या पाया पडते."

दोघी एकाच पाकिटातल्या टिकल्या लावायच्या. दामिनीनंच तर नणंदेला त्या मखमली टिकल्यांची सवय लावली होती. मग तिनं मेणाचा खडा काढला, आपल्या हातानं कुंकवाचा नाजूक गोल लावला, आणि तृप्तीला बाहेर पाठवलं. स्वतः कोठीत धान्याच्या कोठ्यांमागे बसून राहिली. बाहेर नारळ फुटल्याचा, बायांच्या हसण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तृप्तीची टिकली आजच्या आज बंद करा, अजून भरून येईल, लग्नापर्यंत दिसणारही नाही.

पंचफुलाबाईंनी आधी लेकीचं कपाळ पाहिलं. मग त्या दामिनीकडे वळल्या. त्यांनी हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं.

"तूच लावलं माह्या पोरीले," त्या म्हणाल्या. "तुह्या कपायाचं तिच्या कपायी आलं. माह्या घरातून जा."

कुलदीपनं तिला मोटरसायकलवर माहेरी सोडलं. गुणवंतानं जावयाला पाणी विचारलं, तो उंबऱ्यावरूनच परत फिरला.

माहेरी दामिनी सकाळचं ऊन कपाळावर घ्यायची, माय बेसन-ताक कालवून द्यायची, आणि दिवस संपता संपायचा नाही. तृप्ती फोन उचलत नव्हती. दीपालीनं एकदा तिला बाजारात पाहिलं. येऊन सांगितलं, "टिकली लावून राहिली. आणखी मोठी."

पांढरं दिसू नये म्हणून आई लेकीला टिकली काढू देत नव्हती. दामिनीला पुढचं सगळं दिसत होतं, कारण ती त्याच वाटेनं आलेली होती. मोठी टिकली, मग आणखी मोठी, लग्न, सासर, आणि एक दिवस उकाड्यात उशीवर पडलेली टिकली. आठ दिवस ती तळमळली. बापाला विचारलं तर तो म्हणाला, "दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात हात घालू नको, बाई."

नवव्या दिवशी ती एकटी तिगावला गेली. वीरेंद्रच्या आईचं नाव सरला. अंगणात कपडे वाळत घालत होती. दामिनी पदर मागे सारून, उघडं कपाळ घेऊन तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. टिकलीचं, डॉक्टरचं, हे लागत नाही, पिढीत जात नाही, तृप्तीचं आत्ताचंच आहे, टिकली काढली तर भरून येईल, फक्त तिच्या आईला तुम्ही सांगा, तुमच्याकडून निरोप गेला तर ती ऐकेल. बोलता बोलता तिनं हात जोडले.

सरलाबाईंनी ऐकून घेतलं. चहा दिला, चांगल्या कपात. "बरं झालं सांगितलं," म्हणाल्या. फाटकापर्यंत सोडायला आल्या.

दुसऱ्या दिवशी तिगावहून सौंसरला फोन गेला. सोयरीक मोडली.

कुलदीपनं फोन केला तेव्हा तो ओरडत नव्हता, रडत होता. "तुहं काय बिघडवलं होतं तिनं?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्या आठवड्यात ती विहिरीवर पाणी काढायला गेली आणि बराच वेळ दोर हातात धरून वाकून राहिली. मायनं मागून येऊन तिचा दंड घट्ट पकडला, आणि घरापर्यंत सोडला नाही. पुढं किती तरी दिवस माय तिला विहिरीकडे एकटी जाऊ देत नव्हती.

दीपाली दर रविवारी यायची. एकदा दामिनीनं तिला विचारलं, "मी बरोबर केलं का वं?"

"मले नाई माहीत," दीपाली म्हणाली. "मी असती तर मीही गेली असती. पण बरोबर का, ते मले नाई माहीत."

सगळ्या सौंसरला कळल्यावर तृप्तीकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही. तिनं एका सकाळी टिकली काढून नाल्यात फेकली आणि आईला न विचारता नागपूरला गेली. हे दामिनीला नंतर कळलं, फाल्गुनात, जेव्हा तृप्ती बसनं एकटी तिच्या माहेरी आली. बाजेवर बसली नाही. दारातच उभं राहून तिनं केस मागे घेतले.

"पाहा."

दामिनी उठून जवळ गेली. उजेडात नीट पाहिलं. काही नव्हतं. साधं, एकरंगी, घामानं चमकणारं कपाळ. दामिनीनं बोट लावायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

"मी तुमाले माफ केलं असं समजू नका, वहिनी," तृप्ती म्हणाली.

"नाई समजत."

"दादा येईन तुमाले न्यायले. आईनं हो म्हटलं हाये. तिच्या गुडघ्याचं झालं, तिच्यानं दुकान होत नाही." मग वळता वळता, "चालले मी, बस येईन."

कुलदीप चैत्रात आला. दामिनी म्हणाली, "कपाळ असंच राहीन माहं. टिकली नाही, काहीच नाही." तो खाली बघत म्हणाला, "राहू दे." आणि ती गेली.

सांगायला हवं की दामिनीचा रंग परत आला नाही. कपाळाच्या गोलात कडेनं तीन-चार तपकिरी ठिपके आले, एवढंच. ओठाचं तसंच राहिलं. ती बेसनानं तोंड धुते, खोबरेल लावते, दुसरं काही लावत नाही. दुकानात डिंकाच्या टिकल्या आजही मिळतात. ती पाकिटं कुलदीपच्या बाजूला असतात आणि दामिनी त्यांना हात लावत नाही. तृप्तीचं अजून कुठं जमलं नाही. दोन ठिकाणं आली, चौकशी करून परत गेली. वहिनीशी ती कामापुरतं बोलते.

मागच्या पोळ्याला दुकानात गर्दी होती. दामिनी एका बाईला बांगड्या भरायला बसली. बाईनं हात पुढं केला, दामिनीच्या कपाळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"तुमी नका भरू. तिले भरू द्या," तिनं तृप्तीकडे बोट केलं.

दामिनी बाजूला सरकली. तृप्ती जागेवरून उठली नाही.

"मग माह्याही हातानं भरू नका," ती मोठ्यानं म्हणाली. दुकानातल्या सगळ्या बाया वळल्या. "मलेही झालं होतं."

ती बाई गेली, तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. आतून पंचफुलाबाई लेकीला रागावू लागल्या, सणाच्या दिवशी गिऱ्हाईक घालवलं म्हणून. काउंटरवर पसरलेल्या हिरव्या बांगड्या तृप्ती मापानं लावू लागली. दामिनीही दुसऱ्या टोकापासून लावू लागली. दोघी एकमेकींकडे न बघता काम करत राहिल्या, आणि थोड्या वेळानं पुढची बाई आत आली.